लेमचा आवाज फुटला

बाल्टिमोर, ऑक्टोबर १९५६

प्रिय आई,

काळजी सोड, आम्ही पाचही भाऊ एकत्रच आहोत.

धाकट्या लेमच्या उंच गळ्यावर आमचं नाव झालेलं, आणि शनिवारी भर गाण्यात त्याचा आवाज फुटला. मॅनेजर म्हणाला, "याला घरी धाडा, दुसरा आणू." मी गरजलो, "माणूस म्हणजे ग्रामोफोनची सुई आहे का, झिजली की बदलायला? तो गेला तर सगळेच जातो!" मॅनेजर नमला.

आता उंच सूर रूफस धरतो. "बेडका, माझ्या मागं उभा राहा," म्हणून लेमला चिडवतो. शेवटी काल लेम हसला, पोटभर जेवला.

ओडेसाचा खोकला थांबला का? पोरीला जप.

काल जेवणाआधीची प्रार्थना लेमनं म्हटली आणि मला डोळे उघडवेनात. बाबांबरोबर गेलेला आवाज परत आलाय, आई. दारातून त्याची हाक आली तर दचकू नकोस.

तुझाच,
थॅडियस