बावखलातली हाक

१४ सप्टेंबर
अखेर गिरीजला राहायला आलो. आचोळ्याच्या चौथ्या मजल्यावरून थेट केळीच्या वाडीत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला जिने झेपेनात, म्हणून माझ्या नवऱ्याने, चंद्रहासने, ही तळमजल्याची दोन खोल्यांची जागा शोधली. घरमालकीण रेजिनाबाई शेजारीच एकट्या राहतात. सत्तरीच्या असतील. अगदी कुजबुजत बोलतात, कान जवळ न्यावा लागतो. पण सामान उतरायच्या आत गरम पेज आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आल्या.

डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. घरामागची पायवाट बावखलाला वळसा घालून परत येते. बावखल म्हणजे वाड्यांना पाणी पुरवणारं जुनं तळं. काठावर अळू, वर माड. आणखी काय हवं?

१५ सप्टेंबर
पहिली फेरी. केवढी मंडळी भेटली. अळूच्या पानांखाली गळ्याच्या पिशव्या फुगवून ओरडणारे बेडूक, वाळल्या झावळीवर चकचकीत सापसुरळी, माडाला चिकटलेला लालबुंद मानेचा सरडा. पाण्यातून डोकं वर काढून एक दिवड बघत होती. हा पाणसाप बिनविषारी असतो हे ठाऊक होतं, म्हणून मीही निवांत उभी राहून तिला बघितलं.

१७ सप्टेंबर
आज दिवड काठावर पसरली होती. तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तीन बेडूक. ती पकडत नव्हती, ते पळत नव्हते. सगळ्यांची पाठ पाण्याकडे. चंद्रहास म्हणाला, पोट भरलं असेल तिचं.

मला खटकलं ते वेगळंच. बेडकांचे गळे फुगत होते, पण आवाज येत नव्हता. डराव डराव येत होतं ते बावखलाच्या मधोमधून, जिथे काहीच दिसत नव्हतं.

१८ सप्टेंबर
सकाळी ओटाभर बेडूक. भिंतीशी दोन कासवं, पायरीवर दिवड आणि तिला टेकून सापसुरळ्या. सगळे गप्प. बावखलातून मात्र ओरडणं चालूच. बेडूक सगळे इथे, मग तिथे ओरडतंय कोण?

बघायला बावखलाच्या बांधावर गेले. चंद्रहासला दाखवावं म्हणून तिथूनच मोठ्याने हाक मारली, चंदू, जरा इकडे ये. त्याच क्षणी पाण्यातलं ओरडणं थांबलं. ऐकत असल्यासारखं.

हाक ऐकून रेजिनाबाई धावत आल्या आणि दंड धरून मला घरात नेलं. अकरा वर्षांपूर्वी असेच बेडूक वर आले होते, म्हणाल्या. तेव्हा त्यांचा घसा एका रात्रीत गेला. संध्याकाळी त्या चुलीपाशी मुक्या बसल्या होत्या आणि बावखलाकडून त्यांच्याच आवाजात बर्नार्डला, त्यांच्या नवऱ्याला, हाका येत होत्या. शेजाऱ्यांनीही ऐकल्या. बर्नार्ड हाकेमागे गेला. पंप लावून सगळं पाणी उपसलं, तरी तो मिळाला नाही.

“बाय, ते आवाज उचलतं,” त्या कुजबुजल्या. “तू तिथं बोलायला नको होतंस.”

चंद्रहासला सांगितलं. म्हातारीला दुःखाने भास होत असतील, म्हणाला. पण रविवारी दुसरी जागा बघू, असंही म्हणाला.

१९ सप्टेंबर, सकाळ
घसा गेला. दुखत नाही, खवखवत नाही. तोंड उघडते, नुसती हवा येते. चंद्रहास म्हणाला, हवा बदलली की होतं असं. कामावर गेला.

रेजिनाबाई आगाशीला बहिणीकडे निघाल्या. मलाही चल म्हणत होत्या. मी याच वहीत लिहून दाखवलं, चंद्रहास आल्यावर दोघं निघतो. त्यांनी माझ्या कपाळावर क्रूस काढला.

दुपार
बावखल शांत. ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही. उंबऱ्याला लागून आता घोणस. ही विषारी. तीही पाण्याकडे पाठ करून—

साडेपाच
आला. माझा आवाज. चंदू, जरा इकडे ये. तीच लकब. थोडा थांबतो, पुन्हा येतो. दर खेपेला जास्त चांगला जमतोय त्याला.

चंद्रहासला चार मेसेज केले. एकच टिक. फोन लागत नाही.

सहा वाजून दहा
स्कूटर. फाटकाशी.

थाळी बडवली. इकडे वळला— मी खिडकीतून हात— पण तिकडून हाक आली. पडले रे, म्हणतंय. गुडघा दुखतोय, म्हणतंय. रडतंय—

पिशवी टाकली त्याने. पायवाटेला लागला.

उंबऱ्यावर घोणस आहे. मागच्या खिडकीतून उतरते. वही हातात. मोठ्या अक्षरात लिहिते, दिसेल त्याला—

चंदू थांब
ती मी नाही
मी इथे तुझ्या मा