आण्णांची शंभर ग्रॅम भाजी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ जानेवारी १९७४

तीर्थस्वरूप आक्कास, धाकट्या जोतीरामचा नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? आजऱ्याची थंडी इकडच्यापेक्षा बोचरी, तेव्हा दोघांनीही पहाटे अंगणात हिंडू नये. (हे सांगणारा मी स्वतः पहाटे उठून पालक निवडतो, ते पुढे येईलच.)

आण्णांच्या मूत्रपिंडाचं तुला मागे कळवलं होतं. डॉक्टरांनी पथ्याची चिठ्ठी दिली, तीत एक ओळ आहे: पालेभाजी दिवसाला शंभर ग्रॅम, उकळून, पाणी टाकून. जास्त झाली तर थेट हृदयाला धोका, असंही बजावलं. आता मंडईत भाजी मिळते जुडीनं, घरात मोजतात वाटीनं, आणि आमची ही घालते नजरेनं. शाळेत शास्त्र शिकवतो म्हणून हे काम माझ्या गळ्यात आलं. घरात तराजू नाही, सबब पालकाची जुडी घेऊन शेजारच्या कृष्णात सोनाराकडे गेलो. त्यानं गंभीरपणे काटा पुसला, पारड्याबाहेर लोंबणारी पानं आत सारली आणि विचारलं, "मास्तर, देठाची घट किती धरू?" पाटल्या मोडायला आलेली एक बाई फिसकन हसली. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न रास्त होता. देठ धरायचे की नाही? आणि मंडईत शिंपडलेलं पाणी वजा कसं करायचं?

शेवटी त्याच्याकडून तोलून आणून घरी वाटीनं मापून पाहिलं. शंभर ग्रॅम पालक मोकळा टाकला तर पाच वाट्या, दाबून भरला तर दोन, शिजवून पिळला की जेमतेम अर्धी. ती अर्धी वाटी वाढली. आण्णांनी (तालमीतून आल्यावर परातभर जेवणाऱ्या आपल्या आण्णांनी) आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जोत्या, ही खायाची हाय का डोळ्यात घालायची?"

मग मला शंका आली, चिठ्ठीतले ग्रॅम कच्चे की शिजलेले? शिजलेले असतील तर मी बापाला उपाशी ठेवत होतो. म्हणून पुढचा आठवडा शिजवून शंभर ग्रॅम वाढली. आण्णा म्हणाले, "आत्ता कसं, माणसाचं जेवान!" आणि सोमवारी त्यांचे पाय सुजले. अंगठ्यानं दाबलं की पडलेला खड्डा लवकर भरेना. आक्का, ती सूज दुखण्याची की माझ्या वाटीची? मला वाटतं, दुखण्याची. असं वाटणं मला सोयीचं आहे, हेही कळतं.

काल डॉक्टरांकडे गेलो. रक्ताच्या तपासणीचा कागद त्यांच्यापुढे होता. मी मोकळी, दाबलेली, पिळलेली अशी सगळी मापं सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता मापाचं राहू द्या, त्यांना हवं ते द्या. मी विचारलं, "हवं ते, म्हणजे किती?" डॉक्टरांनी तपासणीच्या कागदाची घडी घालून ती माझ्या हातात दिली. मला जिना उतरताना समजलं.

आण्णांना सांगितलंय की पथ्य सुटलं. येईल त्याला ऐकवतात, "बरा झालो की!"

सर्वांचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुझा,
जोतीराम

ता. क. काय खाणार म्हणून विचारलं, तर म्हणाले, आक्कीच्या हातचा ताकातला चाकवत. तू चाकवत किती घेतेस, जुडीनं की वाटीनं, निवडून की देठासकट, ते उलट टपाली सविस्तर कळव.

आणखी एक. कळवत बसू नकोस. पत्र हातात पडेल त्या एस.टी.नं ये.