दर्याचं पान

६ फेब्रु. १९४४, रवि.
अखेर ते पत्त्याचं पान मिळालं! पाठीवर शिडाचं गलबत, निळा दर्या, पांढरी कड. दोन महिने करीमचाचांच्या मागे लागलो होतो. बदल्यात गंजिफाची तीन गोल पानं दिली, सावंतवाडीची. जड गेलं. चाचांच्या बुकबांधणीच्या दुकानात दर रविवारी आमची ही अदलाबदल. शाळेत बोलत नाही. ड्रॉइंगमास्तर पत्ते जमवतो म्हटलं की जुगारीच समजतील.
पान लतीफने इटलीहून धाडलेलं. चाचांचा एकुलता, माझा जुना विद्यार्थी, अक्षरही माझ्याकडेच गिरवलेला, फौजेत मोटार चालवतो. कडेला पेन्सिलीने: ‘अम्मी, दर्या असा असतो.’ चाचा म्हणाले, “त्याच्या आईला बोलू नगा. फुडच्या पत्रात दुसरं यीलच.”

५ मार्च, रवि.
पुण्याचे एक वकीलही पत्ते जमवतात, टपालाने अदलाबदल करतात. जपानी मोराचं पान द्यायला तयार, पण गलबतच हवं. काल धाडलं. मोर सुरेख असणार. तरी…

२८ मार्च, मंगळ.
भर वर्गात निरोप. चाचांकडे तार, इंग्रजी. मीच वाचली, दोनदा. लतीफ बेपत्ता. चाचा: “म्हंजी, हाय का न्हाई?” ठाऊक नाही असं लिहिलंय, म्हणालो. चाची आत पीठ मळत होत्या. हात थांबले नाहीत.

२ एप्रिल, रवि.
पत्ते काढले नाहीत. चाचा हळूच म्हणाले, “मास्तर, ते गलबताचं पान द्या. त्याची आई सारखी इचारती. तिला वाटतंय, म्याच कुठं तरी ठिवलंय.”
पारनेरला घरी ट्रंकेत आहे म्हणालो. खोटं. जीभ अडखळलीसुद्धा नाही. खोलीवर येऊन वकिलांना पत्र, सोबत मोर.

११ एप्रिल, मंगळ.
पान परत आलं. वकील भला माणूस. लिहितात, ‘कडेला कुणीतरी पेन्सिलीने गिरगटलं होतं, ते रबराने साफ काढलं. पान अगदी नव्यासारखं झालं आहे.’
जेवलो नाही.

१६ एप्रिल, रवि.
चाचांना सगळं सांगितलं. पान उजेडात तिरपं धरून बघत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. “चूक माजीबी हाय. तिचं पान म्या दिलं.” मग पान माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “त्याला अक्षर तुमीच शिकवलं. तुमीच लिवा.”
नाही म्हणालो.
“तिला वाचाया येत न्हाई, पन तितं काय लिवलंय ते पाट हाय. कोरं पान कसं दावू तिला?”

२० एप्रिल, गुरु.
चाचांकडून लतीफची दोन पत्रं आणली. त्याचा ‘द’ पोटात फुगीर, ‘स’ पुढे कललेला. पाटीवर मीच किती वेळा पुसायला लावला असेल. वहीची चार पानं गिरवली. पत्त्यावर त्याच्या पेन्सिलीचा दाब अजून बोटाला लागतो. त्याच खाचांतून लिहिलं.
ही फसवणूक. चाचांनी सांगितली म्हणून कमी होत नाही.

२३ एप्रिल, रवि.
चाचींनी पान घेतलं. पदराने पुसायला गेल्या, मी ओरडलोच, “पुसू नका!” दचकल्या. मग अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. “वाचा.” वाचलं. “पुन्यांदा.” वाचलं. चाचा उठून दुकानात गेले.
चाची माझ्याकडे बघत होत्या, पानाकडे नाही. मी मान खाली घातली. तेव्हा म्हणाल्या, “मास्तर, त्यानं लिवलेलं आनखी एखादं पान निघंल का तुमच्याकडं?”
त्याची पत्रं तर सगळी त्यांच्याच घरी. बघतो म्हणालो. का म्हणालो?
फौजेकडून अजून काही नाही.