नव्या गाडीला क्लच नाही

आण्णा, त्या सकाळी माझा सडा टाकून झाला होता, चुलीपुढं आईच्या भाकरी थापण्याचा आवाज चालला होता आणि मी जीपच्या रेडिएटरमध्ये तांब्यानं पाणी ओतत होते. ते माझं रोजचं काम. आधी शेणसडा, मग दोन घागरी आडाचं पाणी, मग जीपचं पाणी. तुम्ही पुढून हँडल घातलंत. एक झटका दिलात, दुसरा दिलात, आणि तिसऱ्याला हँडल उलटं फिरलं. तुम्ही ओरडला नाहीत. उजवं मनगट धरून चाकाशेजारी खाली बसलात आणि म्हणालात, "पोरी, आईला लगीच सांगू नगं. तव्यावरची भाकरी करपंल."

मनगट मोडलं होतं. मंगळवेढ्याच्या पेठेतून आजूबाजूच्या गावांना माणसं भरून नेणारी आपली वडापची जीप, तिला बदली ड्रायव्हर मिळाला, पण तो आठ वाजता यायचा. दुधाच्या किटल्या सहाला मोठ्या रस्त्यावर पोचवाव्या लागायच्या. तुम्हाला मुलगा नव्हता. मी सतरा वर्षांची होते, सातवीनंतर शाळा सुटलेली. तुम्ही मला ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या काळ्या रानात नेलंत आणि चाकामागं बसवलंत. आई बांधावर उभी राहून म्हणत होती, "लाज काढताय सगळी." तुम्ही तिला म्हणालात, "किटल्या डोक्यावर नेती का तू?" ती घराकडं वळली. त्या जुन्या जीपला गिअर बदलताना क्लच एकदा दाबून भागायचं नाही. एकदा दाबून गिअर सोडवायचा, पाय उचलायचा, पुन्हा दाबून दुसरा घालायचा. मी एकदाच दाबायचे आणि खालून खर्रकन आवाज यायचा. "दात खाती बघ ती तुज्यावर," तुम्ही म्हणायचात. "दोनदा दाब की. एकदा सोडवाया, एकदा घालाया. आनि गाडी कानानं चालवायची, डोळं रस्त्यावर." दोन महिने मी रोज पहाटे किटल्या नेल्या. तुमचं प्लॅस्टर निघालं तरी आणखी पंधरा दिवस तुम्ही हात दुखतोय असं सांगत राहिलात. ते माझ्यासाठी होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आता माझं वय अठ्ठावन्न आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. आज हे लिहायला बसले, कारण काल आमच्या दारात नवी गाडी आली, आणि एक गोष्ट माझ्या मुलाला सांगायची की नाही ते मला ठरवता येत नाही. तिचं मूळ जगात तुम्हाला आणि मलाच माहीत होतं. आईला अर्धं माहीत होतं, तीही गेली.

माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला गोठ्याशी बोलावून घेतलंत. सासर सोलापूरचं, सासरे चादरीच्या कारखान्यात कारकून, मुलगाही तिथंच लागलेला. तुम्ही म्हैस चोळत होता, माझ्याकडं बघितलं नाहीत. म्हणालात, "हे बघ बाय, सासरी गाडीचं काय बोलायचं न्हाय. आदीच ड्रायव्हरची पोरगी म्हनत्यात. त्यात आनि पोरगीच ड्रायव्हर म्हटल्यावर झालं." मी म्हटलं, "आणि त्यांनी विचारलं तर?" तुम्ही म्हणालात, "कोन इचारतंय? बायकांना असं कोन इचारतंय व्हय?" खरंच कुणी विचारलं नाही. एकदा, माझा मुलगा पाच-सहा वर्षांचा असताना, तुम्ही सोलापूरला आला होता. मी चहा टाकत होते. तुम्ही ओट्यापाशी आलात, बाहेरच्या खोलीकडं एकदा बघून घेतलंत आणि हळूच विचारलंत, "हाताला हाय का गं अजून?" मी म्हटलं, "आता कशाला?" तुम्ही माझा डावा हात धरलात, गिअर बदलतात तसा पुढं-मागं केलात, आणि सोडलात. साखरेचा डबा जागेवर ठेवून मी बशा पुसत राहिले. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही.

मी माझं वाचत राहिले. वाचनालयाची पुस्तकं, रद्दीतली मासिकं, मुलाची शाळेची पुस्तकं त्याच्या आधी. ह्यांना त्याचं कौतुक होतं. "आमच्या घरात शिकलेली बाई एकच, तीही सातवीत शाळा सुटलेली," असं लोकांना सांगायचे. चांगले होते हो ते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली आणि मंगळवेढ्याकडच्या आमच्या वाट्याच्या रानात आम्ही दर आठवड्याला जायला लागलो. मी डाव्या बाजूला बसायचे. ते गिअर उशिरा बदलायचे. इंजिन कण्हत राहायचं आणि माझा पाय खालच्या पत्र्यावर आपोआप दाबला जायचा. एकदा त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "भीती वाटते का?" मी हो म्हटलं.

शोरूममध्ये मुलगाच मला घेऊन गेला. तो चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे, यंत्रांवर. गाडी त्यानं महिनाभर आधीच मनात ठरवली होती. उंच, चारी चाकांना ताकद असलेली, बॅटरी आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी. तिचं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. तुम्हाला आवडलं असतं, आण्णा. तुम्ही उतारावर इंजिन बंद करून डिझेल वाचवायचात आणि प्रवासी देवाचं नाव घ्यायचे. ही गाडी उतारावर आपण होऊन इंजिन बंद करते आणि वर बॅटरी भरून घेते. शोरूमचा माणूस म्हणाला, "मावशी, तुम्ही मागं बसा, मागं लई आराम हाय." मुलगा म्हणाला, "मागं नाही, आईच चालवणार. तिनं लायसन्स काढलंय, ह्या वयात." त्याला माझा अभिमान आहे. ह्यांच्या माघारी मी ड्रायव्हिंगच्या क्लासला गेले, चौथ्या दिवशी शिकवणारा मला म्हणाला, "मावशी, मला आता काय शिकवायचं तुम्हाला?" हे मी घरी सांगितलं नव्हतं.

शोरूमवाल्यानं आम्हाला गावाबाहेर मुरमाच्या एका जुन्या खाणीत नेलं. तिथं मी चाकामागं बसले, बटण दाबलं. काहीच आवाज नाही. पुन्हा दाबलं. तो मागून म्हणाला, "मावशी, चालू झाली होती की. तुमीच बंद केली." मुलगा हसला, मीही हसले. मग निघाले. खड्ड्यातून, दगडावरून, गाडी अशी चालली जणू खाली रस्ताच आहे. मला वाटत होतं मी काहीच करत नाही. मग खाणीतून वर यायचा चढ लागला, पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू झालं आणि त्याचा आवाज चढला. तो आवाज कानात शिरला आणि पुढचं मी केलं नाही, माझ्या पायानं केलं. डावा पाय पुढं गेला, दाबला गेला, उचलला गेला, पुन्हा दाबला गेला. तिथं क्लच नव्हता, ब्रेकचं रुंद पेडल होतं. गाडी चढावर दोनदा गचकन थांबली, मागच्या माणसाचं डोकं माझ्या सीटवर आपटलं.

"मावशी, ह्या गाडीला क्लच न्हाय! डाव्या पायाची मांडी घालून बसा," तो कपाळ चोळत म्हणाला. आणि मग हसत मुलाला म्हणाला, "आमचे आजोबा ट्रकवर होते, ते असंच दोनदा दाबायचे. जुन्या गाड्यांची सवय ही. आता कुनाला माहीत बी न्हाय."

मुलानं माझ्याकडं बघितलं. "दोनदा का दाबलंस, आई?"

"क्लासवाल्यानं तसंच शिकवलं," मी म्हणाले.

त्यानं पुढं विचारलं नाही. पण तो यंत्रातला माणूस आहे, आण्णा. आजच्या गाडीवर तसं कुणी शिकवत नाही, हे त्याला माहीत आहे.

काल गाडी ताब्यात मिळाली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आम्हा दोघांच्या हातात पुठ्ठ्याची परातीएवढी किल्ली देऊन फोटो काढला. फोटोत मुलगा हसत नाहीये. घरी आल्यावर सुनेनं गाडीला ओवाळलं आणि तो एकटाच गाडीत बसून राहिला. मी चहा घेऊन गेले, तर म्हणाला, "ही तेव्हा असती तर बाबा वाचले असते. रानातल्या रस्त्याच्या चाकोरीत त्या छोट्या गाडीतून खाली घासत घासत आणलं त्यांना." मग चहाचा कप तसाच पुढं ठेवून म्हणाला, "नाही आई. मी फोन उचलला असता तर वाचले असते. फोन कंपनीच्या लॉकरमध्ये होता. सात कॉल तुझे." दोन वर्षांत तो हे कधी बोलला नव्हता. दोन वर्षं तो हे घेऊन कामावर जातोय, येतोय, जेवतोय. म्हणजे ही गाडी त्यानं माझ्यासाठी घेतलीच नाही.

आता त्या दिवसाचं तुम्हाला सांगते. ज्वारीची काढणी चालली होती, माणसं पलीकडच्या पट्टीत लांब होती. हे लिंबाखाली टेकले आणि म्हणाले, छातीत जड वाटतंय. अंगावर घाम सुटला होता. गाडी दहा पावलांवर उभी. मी मुलाला फोनवर फोन लावले, त्यानं उचलले नाहीत. ह्यांच्या खिशातून किल्ली काढली. दार उघडून चाकामागं बसले. हात चाकावर ठेवले, पाय क्लचवर गेला. चाळीस वर्षं झाली होती, तरी पायाला जागा माहीत होती. किल्ली घातली. आणि हे खालून माझ्याकडं बघत म्हणाले, "अगं, तुला कुठं येते?"

रागावून नाही म्हणाले. काळजीनं म्हणाले. आणि मी उतरले.

एवढंच झालं, आण्णा. तुम्हाला वाटेल भ्याले असेन. भीती होती, पण तेवढीच नव्हती. येते म्हणाले असते तर चाळीस वर्षं का सांगितलं नाही, हे त्या माणसाला मरताना कळलं असतं. मला त्या क्षणी त्याचीच लाज वाटली. मी शेजारच्या वस्तीवर पळत गेले, गाडी चालवता येणारा माणूस बाजारला गेला होता, त्याचा भाऊ सापडून आमची गाडी निघेपर्यंत बराच वेळ गेला. तेवढ्या वेळात मी मंगळवेढ्यात पोचले असते. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मीही स्वतःला तेच सांगते, सांगता येत नाही. पण दुपारी भांडी घासताना डावा पाय फरशीवर दाबला जातो आणि मग मला काही सुचत नाही.

मुलाला सांगितलं तर त्याच्या डोक्यावरचे सात कॉल उतरतील. पण त्याला आई राहील का, ते माहीत नाही. नाही सांगितलं तर तो जन्मभर स्वतःला खात राहील आणि मी त्याच्या नव्या गाडीतून हिंडेन.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. एक कबूल करते. लिहायला घेतलं तेव्हा मला सगळं तुमच्यावर घालायचं होतं. तुम्हीच गप्प राहायला सांगितलंत, मी नुसतं ऐकलं, असं. पण लिहिता लिहिता दिसलं की तुम्ही ओट्यापाशी येऊन मला एकदा विचारलं होतंत, आणि "आता कशाला" हे मी म्हणाले होते.

आण्णा, हे शेवटचं नंतर लिहितेय. वरचं लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाला सुट्टी होती. त्याला शेजारी बसवून मी गाडी काढली. बेगमपूरच्या पुलावरून भीमा ओलांडली, मोठा रस्ता सोडला, आणि रानाच्या अलीकडं गाडी कडेला घेऊन त्याला सगळं सांगितलं. तुमचं नाव शिकवण्यापुरतंच घेतलं. त्यानं एकच विचारलं, "बाबांना माहीत होतं?" मी नाही म्हणाले. तो दार उघडून उतरला आणि बांधाबांधानं एकटाच चालत गेला. मी त्याला हाक मारली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.