फोमच्या घोड्यांची सुरी

मी, कडूबा माणिकराव सोनुने, वय एकाहत्तर, धंदा खेळणी करणे, राहणार देऊळघाट, जिल्हा बुलढाणा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाखाली न येता आणि कोणाच्या गोडगोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र सांगतो आहे. शेजारचे निवृत्त शिक्षक धम्मरत्न गवई सर ते लिहून घेत आहेत. माझं अक्षर वाईट आहे म्हणून. नजरेचा त्यात काही संबंध नाही. डोळ्यांच्या डॉक्टराने मागे भलतंच काहीतरी सांगितलं होतं, पण गेले दोन महिने मी घरात एकदाही ठेचकाळलो नाही. हाच माझ्या नजरेचा पुरावा समजावा.

कलम एक. दोन खोल्यांचं घर ओट्यासह मुलगा प्रल्हाद याचं. बँकेत जे निघेल तेही त्याचंच. प्रल्हाद सरळ आहे आणि सरळ माणसाला कोणीही गुंडाळतं, म्हणून घराचे कागद सरांकडे ठेवले आहेत.

कलम दोन. माझी सुरी आणि घोड्यांचे कान आखायचे पुठ्ठ्याचे अकरा फर्मे. यांची हकिगत सांगणं भाग आहे. पूर्वी मी मंडपवाल्याकडे थर्माकोलमधून नवरा-नवरीची नावं कापायचो. थर्माकोलवर बंदी आली आणि मी घरी बसलो. मग खामगावच्या बाजारात, पोहायला शिकणारी पोरं काखेत धरतात त्या फोमच्या लांब रंगीत नळ्या दिसल्या. मळलेल्या, म्हणून मातीमोल. एक घरी आणली, टोक दुमडून सुतळीने बांधलं, कान कापून खोचले, झाला घोडा. तार नाही, खिळा नाही. अंगणवाडीतलं पोर घोड्यासकट तोंडावर आपटलं तरी हसत उठतं. नळी उभी चिरली की गोट्या सोडायची पन्हळ होते, पण ती चिरणं सोपं नाही. सुरी पाण्यात बुडवायची आणि एका ओढीत टोकापर्यंत न्यायची. मधे हात थांबला की कडेला दातरे पडतात. हे मी आजवर कोणाला शिकवलेलं नाही.

कलम तीन. पुतण्या शेखर, राहणार शेगाव, याला सुरी देऊ नये. त्याने माझा घोडा पाहून स्वतःचे घोडे केले आणि कानात तार घातली. मी विचारलं, "तार काऊन घातली बे?" तर म्हणतो, "काका, गिऱ्हाइकाले कान ताठ पाह्यजे." एका लेकराच्या गालात ती तार घुसली. शेखरला माझी छत्री द्यावी. तीत तारा भरपूर आहेत.

कलम चार. सून रुपाली हिलाही सुरी देऊ नये. दोन महिन्यांपासून माझ्या नळ्या कमी होत आहेत. मी त्या रोज वितीने मोजतो. कधी दोन विती कमी, एकदा तर अख्खी नळी गायब. नळ्या ठेवतो त्या पेटीच्या कडीला दोरा बांधून ठेवला, तो तुटलेला सापडला. विचारलं तर म्हणते, "मामाजी, उंदरानं नेलं असंल." मी कापलेली कड अंगठ्याने चाचपली, गुळगुळीत होती. उंदीर काय सुरी ओली करून कापतो? हिने चोरून माझं काम पाहिलं आणि आता शेखरला माल पुरवते, असा माझा पक्का संशय आहे. त्याचा फोन आला की ही अंगणात जाऊन बोलते. शिवाय घरभर गोधड्या टांगून ठेवते, येताजाता अंगाला मऊ मऊ लागतात. कशावर पांघरूण घालते देव जाणे. सबब सुरी माझ्याबरोबर सरणावर ठेवावी आणि फर्मे चुलीत घालावेत. घोडे माझ्याबरोबर संपतील, याचं मला फार वाईट वाटतं. पण चोराच्या हाती नकोत.

कलम पाच. शेजारीण सिंधूताई साक्षीदार आहे. साक्षीदाराला काही देता येत नाही असं सर म्हणतात, म्हणून तिला काही नाही.

इथे सिंधूताई मधेच बोलली. सरांनी तेही लिहावं.

"झालं सांगून? मंग आता बसल्या जागी खाटंखाली हात घाला, कडूभाऊ."

"काऊन?"

"घाला तं खरं!"

मी हात घातला. खाटेच्या लोखंडी पट्टीवर फोम आहे. नळी उभी चिरून चारही बाजूंनी चढवलेली. मग सरांनी मला हाताला धरून घरभर फिरवलं. न्हाणीचा उंबरा, रांजणाच्या ओट्याचा कोपरा, दाराची चौकट माझ्या कपाळाच्या उंचीवर. गोधडी एकही नाही. सगळा माझाच फोम.

रुपालीला बोलावलं. "मले सांगितलं काऊन नाही?"

"तुम्हाले दिसत नाही, हे तुमच्या तोंडावर कोण सांगंल, मामाजी?" एवढंच बोलली आणि रडायला लागली. मलाही रडू आलं, ते लिहायचं की नाही हे सरांनी ठरवावं.

कलम चार रद्द. सरांनी ते खोडलं आहे, खोडल्या जागी माझी सही आहे. सुरी आणि अकरा फर्मे रुपालीचे. माझ्या मरणाची वाट न पाहता आत्ताच तिच्या हातात दिले. न्हाणीच्या उंबऱ्यावर चिरताना तिचा हात मधे एकदा थांबला आहे, तिथे दातरे लागतात. ते उद्या मी तिला बसवून शिकवीन. शेखरच्या फोनचा खुलासा अजून बाकी आहे, तो मी सावकाश घेईन.

सुरुवातीची नजरेबद्दलची ओळही खोडावी. मला दिसत नाही.

हा सगळा मजकूर सरांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. सही कुठे करायची ते त्यांनी माझं बोट धरून दाखवलं.

सही : कडूबा माणिकराव सोनुने

साक्षीदार :
१. सिंधूताई जवंजाळ (सही)
२. धम्मरत्न गवई (सही)

देऊळघाट, १२ जानेवारी २०२५