चिठ्ठी मी दिलीच नव्हती, ताई

प्रिय ताई,

तू सौंसरला, मी पांढुर्ण्याला. मध्ये तासाभराची बस. त्यामुळे तुला पत्र लिहायची वेळ जन्मात आली नाही. आज लिहून राहिले, कारण काल मोहगावचे गुणवंतभाऊ घरी येऊन गेले. ते गेल्यापासून कोणाशी तरी बोलावंसं वाटते आहे, आणि हे ऐकून घ्यायला तुझ्याशिवाय माझं कोणी नाही. आणि तू तर नाहीस!

तुला जाऊन दोन महिने झाले. सकाळी शेजारच्या बाईंचा फोन आला, "तुमच्या ताई उठूनच नाही राहिल्या." मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. झोपेतच गेलीस म्हणे. शाळेतून रिटायर झालीस तशीच, कोणाला त्रास न देता!

आपली मनीषा मला नागपूरला न्यायला आली होती, नीलेश इंदूरहून रोज "आई, जेवलीस का" म्हणून फोन करतो. पण मी कुठं जाणार? हे गेल्यापासून माझ्या आठवड्यात एकच वार होता, रविवार. तू पिशवी घेऊन उतरायचीस न फाटकातूनच ओरडायचीस, "बेबी, चहा ठेव वं!" मागच्या रविवारी मी उगाचच बस स्टँडवर जाऊन बसले. एका बाईनं विचारलं, "कोणाले घ्यायले आल्या?" मी म्हटलं, "बहिणीले." सौंसरची बस आली, रिकामी झाली न परत भरून गेली. मग मी घरी आले.

काल दुपारी फाटक वाजलं. बाहेर एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे. तुला शेवटचं घरातून न्यायच्या वेळी हेच रस्त्याच्या पलीकडे उभे होते, एवढं आठवलं. म्हणाले, "ओळखलं नाही ना बेबीताई? मी गुणवंत. तुमच्या बाबांच्या बगिच्यात कलमं बांधायचो."

चेहरा ओळखला नव्हता. नाव मात्र एक दिवस विसरले नव्हते.

तुझ्याजवळ जे कधी बोलले नाही, ते आधी सांगून टाकते. मी चौदा वर्षांची, तू एकोणीसची. बोरगावच्या वाटेवर बाबांचा बगिचा. त्या हिवाळ्यात जंबेरी लिंबाच्या रोपांवर संत्र्याचे डोळे बांधून कलमं करायला मोहगावचा एक पोरगा आला होता. बाबांचा डबा न्यायचं काम माझं, पण तू अचानक म्हणायला लागलीस, "मी पण येते." डबा बाबांसमोर ठेवून तू रोपांच्या ओळींत जायचीस. तो चाकूनं साल उचलायचा, डोळा बसवायचा, आणि तू पट्टी पुढे करायचीस. दोघं फारसं बोलायचा नाहीत. पण घरी येताना तुझा चेहरा असा असायचा की मला वाटायचं, ही माझी ताई नाहीच, दुसरीच कोणी आहे.

त्यानं तुला लग्नाचं विचारलं. जात वेगळी, बाबा कधी हो म्हणणार नव्हते. तुझं उत्तर तू चिठ्ठीत लिहिलंस न माझ्या हाती दिलंस. "बेबी, त्यांच्याच हातात दे. कोणाले सांगू नको." त्या दिवशी माय आजारी, तुला घरून निघता येत नव्हतं.

वाटेत मी ती वाचली. 'सोमवारी सकाळी पांढुर्णा स्टेशनवर या. नागपूरच्या गाडीनं जाऊ. मी फॉर्म भरायला चालले म्हणून निघते.' एवढंच होतं. मी तिथंच बांधावर बसले न रडले. बाबांची नाही, समाजाची नाही, मला एकच भीती वाटली. तू गेलीस तर मी कोणाजवळ राहू? माय अशी सदा अंथरुणावर, बाबा अशे रागीट. माझी वेणी कोण घालणार? अशी माझी अक्कल!

चिठ्ठीचे तुकडे करून मी विहिरीत टाकले. घरी तू दारातच उभी होतीस. "दिली?"

"दिली."

सोमवारी तू गेलीस. दिवसभर स्टेशनवर बसली असशील. संध्याकाळच्या बसनं परत आलीस, पाय धुतलेस न भाकरी टाकायला बसलीस. मायनं विचारलं, "झालं का काम?" तू म्हणालीस, "नाही झालं. गर्दी होती." ते ऐकून मी परसात पळाले. तेव्हा बोलले असते तर? एका दिवसाचाच तर उशीर झाला होता!

तू पुन्हा बगिच्यात पाय ठेवला नाहीस. त्यांनी आठ दिवस वाट पाहिली, तुझा नकार समजले, काम आटोपून मोहगावला गेले. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झाल्याचं ऐकलं. तू मास्तरीण झालीस. आलेलं प्रत्येक स्थळ परत पाठवलंस. माझं लग्न मात्र थाटात करून दिलंस, माझी बाळंतपणं केलीस, आणि मी दर वेळी ठरवायचे, आज सांगते. सांगितलं नाही. मला वाटायचं, तुझ्या एकटेपणाचं कारण फक्त मला ठाऊक आहे.

आणि काल गुणवंतभाऊ म्हणतात, "तिले सगळं मालूम होतं ना!"

तुझी बदली मोहगावच्या शाळेत झाली, तेव्हा त्यांची मुलगी तुझ्या वर्गात होती. ती पडली म्हणून तिला घ्यायला ते आले. इतक्या वर्षांनी समोरासमोर! पोरीच्या गुडघ्याला पट्टी बांधता बांधता तू खालच्या आवाजात विचारलंस, "त्या दिवशी तुम्ही का नाही आले?"

ते म्हणाले, "कोणत्या दिवशी?"

बस. तेवढ्यावरून तुला कळलं. त्यांना काही समजेना. तू पट्टीची गाठ मारलीस न म्हणालीस, "लहान होती ती." दुसरं काही नाही. चिठ्ठीचं नंतर सांगितलंस. त्यांना राग आला होता, तसं त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. "पण तिनं मले रागावू दिलं नाही. म्हणे, मी सोडून जाईन म्हणूनच भ्याली होती ती."

अगं, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली! अठ्ठावीस वर्षं तू दर रविवारी माझ्या हातचं जेवलीस न एका शब्दानं बोलली नाहीस? मला दोन थापडा का नाही मारल्यास? त्या मी आनंदानं खाल्ल्या असत्या. आता कोण मारणार?

काल ते गेल्यावर एक गोष्ट आठवली. नीलेश पाळण्यात होता, तू तेव्हा मोहगावच्याच शाळेत होतीस. आपण दोघी अंगणात मिरच्या निवडत होतो, आणि तू विचारलंस, "बेबी, तुले लहानपणी सगळ्यात जास्त कशाची भीती वाटत होती वं?" मी हसून म्हटलं, "कशाचीच नाही." तू माझ्याकडे थोडा वेळ पाहिलंस न परत मिरच्या निवडू लागलीस. तू दार उघडून दिलं होतंस, हो ना? मी ते बंद केलं.

पुढचं तर मी गुणवंतभाऊंना दोनदा सांगायला लावलं. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली. वर्ष झाल्यावर त्यांनी तुला पुन्हा विचारलं. तू हो म्हणालीस! माझी ताई, एकसष्ट वर्षांची, हो म्हणाली! फक्त म्हणालीस, "आधी बेबीले सांगते." मग दर सोमवारी ते फोन करायचे, "सांगतलं का?" आणि तू म्हणायचीस, "या वेळी नाही जमलं." एकदा म्हणालीस, "मले मालूम आहे हे तिले समजलं, तर ती माझ्या डोळ्यांत पाहणार नाही. मग मी रविवारी जाऊ कोठी?"

तू पण मलाच गमवायला भीत होतीस, ताई? आणि मी तुला. एकाच भीतीपायी आपण त्या माणसाला दोनदा ताटकळत ठेवलं. पहिल्यांदाचं पाप माझं. दुसऱ्यांदाचं थोडं तुझंही आहे, आज बोलतेच. तू सांगितलं असतंस तर मी रडले असते, आठ दिवस जेवले नसते, आणि मग तुझ्यासाठी हिरवं लुगडं आणायला मीच गेले असते. एवढा भरवसा ठेवायचा होतास माझ्यावर!

मी त्यांच्यासमोर हात जोडले. ते म्हणाले, "राहू द्या. मी भांडायले नाही आलो. एकच मागायचं होतं. तिचा फोटो मिळेल का? माझ्याजवळ एकही नाही."

भिंतीवर तुझा हार घातलेला फोटो होता, पण मला उठवेना. ते पाणी प्यायले न निघून गेले. जाताना फाटक नीट लावून गेले.

मग मी पेटी काढली. ताई, तुझा एकटीचा एकही फोटो नाही गं! शाळेच्या गणवेशात आपण दोघी, माझ्या हळदीत दोघी, बारशात दोघी. भिंतीवरचा तोही मनीषाच्या लग्नातल्या फोटोतून स्टुडिओवाल्यानं कापलेला. नीट पाहिलं तर तुझ्या खांद्यावर माझी बोटं राहून गेली आहेत.

उद्या सकाळी मी मोहगावला जाते. हळदीतला फोटो नेणार आहे, ज्यात तू हसून राहिलीस न मी तुझ्या गळ्यात पडले आहे. मी स्वतःला कापून काढणार नाही. तुला पाहताना त्यांना मीही दिसेन, आणि दिसायलाच पाहिजे. त्यांच्या मुलांसमोर सांगेन, मी कोण, मी काय केलं. दिवाळीला मनीषा-नीलेश आले की त्यांनाही सांगेन. ते काय म्हणतील ते बसून ऐकेन. आणि तुझ्या वर्षश्राद्धाला गुणवंतभाऊंचं पान पहिल्या पंक्तीत मांडेन. कोणी विचारलं, हे कोण, तर सांगेन, माझे भाऊजी.

हा शब्द आजवर कोणासाठी वापरायची वेळच आली नाही माझ्यावर. सकाळपासून रिकाम्या घरात दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिला. जीभ अडखळते आहे. बसमध्ये बसल्या बसल्या आणखी म्हणत जाईन.

तुझीच,
बेबी