पाद्रीसाहेबांचं व्याख्यान

लोवेल, १३ मार्च १८४६

लाडक्या लोविना,

मी खुशाल आहे. गिरणीतलं काम बरं चाललंय. आईचा खोकला कमी झाला का?

आपल्या तळ्याकाठच्या रानात एकटी हिंडून मी जी वही लिहिली, ती व्हिटकोम पाद्रीसाहेबांना वाचायला दिली होती. "पोरी, तू विणकाम कर," असं म्हणून त्यांनी ती हसण्यावारी नेली, पण परत काही दिली नाही.

मंगळवारी सभागृहात त्यांचं व्याख्यान होतं. माणसाने कुणाची नक्कल करू नये, स्वतःच्या मनाचं ऐकावं, हा विषय. तिसऱ्या वाक्यालाच मी ओळखलं. शब्द न् शब्द माझा होता. ते पाणी प्यायला थांबले, तशी मी उठले आणि पुढचं अख्खं पान तोंडपाठ म्हणून दाखवलं. अध्यक्षांनी त्यांच्या हातातला कागद घेऊन ताडून पाहिला. सभा तिथेच संपली.

काल ते वही घेऊन आम्ही गिरणीतल्या मुली राहतो त्या खाणावळीत आले. म्हणाले, "माझ्या पुस्तकात तुमचे आभार मानतो."

"आभार नकोत. त्याच मंचावरून सांगा, हे लिहिलंय कुणी."

"माझी अब्रू जाईल, मिस मेहिटेबल."

"मला तेच हवंय."

आज त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले होते. बोलताना त्यांचा आवाज कापत होता. मला दया यायला हवी होती, पण आली नाही.

या सगळ्यावरून गिरणीच्या मुकादमाने मला सोमवारी बोलावलंय, त्याचा घोर लावून घेऊ नकोस. आईला एवढंच सांग, वही परत मिळाली.

तुझीच थोरली,
मेहिटेबल